घामाचे रक्तसाक्षी : पूजनीय फादर थॉमस चोए यांग-अप

रक्तसाक्षी हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे तलवार, भाला किंवा क्रूस उभा राहतो. नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर प्राण अर्पण करणारे आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण तर आपल्याला हमखास होते. पूर्व आशियातील ख्रिस्तसभेने असे हजारो रक्तसाक्षी दिले आहेत आणि त्यांत कोरियाचा वाटा फार मोठा आहे. परंतु त्याच कोरियात एका धर्मगुरूंना श्रद्धावंत घामाचे रक्तसाक्षी म्हणतात. त्यांच्या मानेवर तलवार पडली नाही. ते चालून चालून थकले आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी वाटेतच मरण पावले. त्यांचे नाव फादर थॉमस चोए यांग-अप. (कोरियन रीतीप्रमाणे आडनाव आधी येते, म्हणजे चोए हे घराण्याचे नाव.) कोरियाचे पहिले धर्मगुरू संत आंद्रे किम तेगॉन यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. फादर चोए हे दुसरे, आणि दुसऱ्याची आठवण सहसा कमीच ठेवली जाते. म्हणूनच आज त्यांच्याविषयी लिहावे असे आम्हाला वाटले.

कोरियातील ख्रिस्तसभेचा जन्मच मुळी वेगळा. तेथे आधी मिशनरी गेले नाहीत. चीनमधून आलेले धर्मग्रंथ वाचून काही विद्वान प्रापंचिकांनी सत्याचा शोध घेतला आणि त्यांच्यापैकी यी सुंग-हून या तरुणाने १७८४ साली पेकिंगला जाऊन स्नानसंस्कार स्वीकारला. परत येऊन त्यांनी आपल्या मित्रांना स्नानसंस्कार दिला. पुढे कित्येक वर्षे ही ख्रिस्तसभा धर्मगुरूविना वाढली. पूर्वजांच्या पाटीपुढे बळी अर्पण करण्यास श्रद्धावंत नकार देत, म्हणून राज्यकर्त्यांनी त्यांना आईबाप न मानणारे आणि राजद्रोही ठरवले. १८०१ साली पहिला मोठा छळ झाला आणि कोरियात आलेले पहिले धर्मगुरू, चीनचे फादर जेम्स झोऊ, मारले गेले. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ या कळपाला मेंढपाळ नव्हता. श्रद्धावंत शहरे सोडून डोंगरांत गेले. तेथे तंबाखू लावून, मडकी घडवून ते पोट भरू लागले आणि लपूनछपून प्रार्थना करू लागले.

अशाच एका कुटुंबात १ मार्च १८२१ रोजी थॉमसचा जन्म झाला. गाव चुंगचोंग प्रांतातील ताराकगोल. वडील फ्रान्सिस चोए क्यॉंग-ह्वान आणि आई मारिया यी सुंग-र्ये. श्रद्धा जपण्यासाठी या कुटुंबाने पुन्हा पुन्हा घर बदलले आणि अखेर सेऊलच्या दक्षिणेस सुरीसान या डोंगरात ते स्थिरावले. वडील तेथील श्रद्धावंतांचे पुढारी होते. १८३६ च्या जानेवारीत पॅरिस मिशन संस्थेचे फादर मोबां गुप्तपणे कोरियात शिरले. या भूमीला आपलेच धर्मगुरू हवेत हे त्यांनी तत्काळ ओळखले आणि तीन मुलांची निवड केली. पहिला थॉमस, दुसरा फ्रान्सिस झेविअर चोए आणि तिसरा आंद्रे किम. तिघेही पंधरा-सोळा वर्षांचे. ३ डिसेंबर १८३६ रोजी कडाक्याच्या थंडीत ते चालत निघाले आणि मांचुरिया व चीन ओलांडून पुढील जूनमध्ये मकावला पोहोचले. आईवडिलांचे दर्शन पुन्हा कधीच होणार नाही हे थॉमसला तेव्हा ठाऊक नव्हते.

मकावमध्ये लॅटिनचे धडे सुरू झाले. फ्रान्सिस झेविअर तापाने दगावला. तिघांचे दोघे राहिले. मकावमध्ये अशांतता माजली तेव्हा या दोघांना काही महिने फिलिपिन्समधील लोलोम्बोय येथे हलवावे लागले. तो १८३९ चा काळ होता आणि तिकडे कोरियात पुन्हा छळ पेटला होता.

त्या छळाची झळ सुरीसानला लागली तेव्हा काय घडले ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण फादर चोए यांचे सारे जीवन त्या प्रसंगातून समजते. शिपाई रात्री पकडायला आले. फ्रान्सिस चोए यांनी त्यांना घरात घेतले, विश्रांती घ्यायला सांगितले आणि सकाळी जेवू घातले. मग पत्नी, मुले आणि गावातील श्रद्धावंत असे सुमारे चाळीस जण शिपायांबरोबर सेऊलच्या तुरुंगाकडे चालत निघाले. फ्रान्सिस यांच्यावर विशेष राग होता, कारण त्यांनी मुलाला धर्मगुरू होण्यासाठी परदेशी धाडले होते. फटक्यांच्या जखमांनी १२ सप्टेंबर १८३९ रोजी तुरुंगातच त्यांचा अंत झाला. मारिया यांच्या कुशीत तान्हा स्तेफन होता. उपासमारीने आईचे दूध आटले आणि बाळ तिच्या डोळ्यांदेखत गेले. बाहेर आणखी चार मुले उघडी पडली होती. त्या माऊलीचा धीर सुटला आणि तिने तोंडाने श्रद्धा नाकारली. तिची सुटका झाली. परंतु थोरला मुलगा सेमिनरीत आहे हे कळताच तिला पुन्हा पकडण्यात आले. या वेळी तुरुंगातील सोबतिणींनी तिला आधार दिला, तिने आपले शब्द मागे घेतले आणि ३१ जानेवारी १८४० रोजी तांगोगे येथे तिचा शिरच्छेद झाला. लहान मुलांनी भीक मागून जमवलेले तांदूळ व पैसे घेऊन मारेकऱ्याला गाठले आणि आईला यातना होऊ नयेत म्हणून एकाच घावात काम उरकण्याची विनवणी केली, असे कोरियात आजही सांगितले जाते. ज्या मुलांच्या ओढीने आई डगमगली, त्याच मुलांनी तिच्यासाठी ही धडपड केली.

थॉमसला हे सारे फार उशिरा समजले. १८४२ मध्ये आंद्रे आणि थॉमस वेगवेगळ्या फ्रेंच युद्धनौकांवरून उत्तरेकडे निघाले. मांचुरियातील एका ख्रिस्ती खेड्यात त्यांनी पुढील अभ्यास केला आणि १८४४ च्या डिसेंबरात बिशप फेरेओल यांच्या हस्ते दोघेही डीकन झाले. आंद्रे धाडसी वृत्तीचे. ते कोरियात जाऊन आले, १७ ऑगस्ट १८४५ रोजी शांघायजवळ त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १६ सप्टेंबर १८४६ रोजी सेनामतो येथे ते रक्तसाक्षी झाले. धर्मगुरू म्हणून त्यांना तेरा महिने मिळाले. थॉमस मात्र सीमेवरच अडकून पडले. एका वाटेने गेले तर पहारा, दुसऱ्या वाटेने गेले तर वाटाड्या नाही. वर्षाच्या अखेरीस सीमेवर कोरियाचे दूत भेटले आणि आंद्रे आता राहिले नाहीत ही बातमी त्यांनी दिली.

थॉमस दक्षिणेस हाँगकाँगला परतले. तेथे त्यांच्या हाती जे काम आले, त्याचा विचार केला की आमचे मन आजही थबकते. कोरियाच्या ब्याऐंशी रक्तसाक्षींचा वृत्तांत फ्रेंचमध्ये आला होता आणि तो रोमला पाठवण्यासाठी लॅटिनमध्ये उतरवायचा होता. त्या यादीत आंद्रेचे नाव होते आणि वडिलांचेही होते. सव्वीस वर्षांच्या या डीकनने आपल्या पित्याचा मृत्यू शब्दाशब्दाने परक्या भाषेत लिहून काढला. पुढे रोममध्ये या रक्तसाक्षींची प्रक्रिया सुरू झाली ती याच कागदांच्या आधारे.

कोरियात शिरण्याचे प्रयत्न चालूच होते. १८४७ च्या उन्हाळ्यात ते दोन फ्रेंच युद्धनौकांबरोबर निघाले. त्या कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोगुनसान बेटांजवळ वाळूत रुतल्या. मायभूमी समोर दिसत होती. आपल्याला येथेच राहू द्यावे अशी त्यांनी विनंती केली, पण कप्तानाने मानले नाही आणि इंग्रज जहाजांतून सर्वांना शांघायला न्यावे लागले. शेवटी १५ एप्रिल १८४९ रोजी शांघाय येथे बिशप मारेस्का यांनी त्यांना गुरुदीक्षा दिली. काही महिने मांचुरियात सेवा करून त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी रात्री सीमा ओलांडली. घर सोडून बरोबर तेरा वर्षे झाली होती.

त्या वेळी कोरियात सुमारे ११,००० श्रद्धावंत होते आणि त्यांच्यासाठी होते अवघे तीन जण : बिशप फेरेओल, फादर दावलुई आणि हे नवे धर्मगुरू. त्यातही फादर दावलुई गंभीर आजारी होते. फादर चोए यांनी प्रथम त्यांना रुग्णाभ्यंग दिले, बिशपांची भेट घेतली आणि विश्रांती न घेता लगेच दौरा सुरू केला. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी पाच प्रांत पालथे घातले आणि ३,८१५ श्रद्धावंतांची भेट घेतली. कोरियात अंतर ली या मापाने मोजत. एक ली म्हणजे सुमारे चारशे मीटर. पहिल्याच दौऱ्यात ते पाच हजार ली, म्हणजे दोन हजार किलोमीटर चालले. पुढे त्यांच्या वाट्याला १२७ वस्त्या आल्या आणि दरवर्षीची पायपीट सात हजार ली इतकी झाली.

इतके अंतर त्यांनाच का चालावे लागले? उत्तर साधे आहे. फ्रेंच मिशनऱ्यांचा चेहराच त्यांना उघडे पाडत असे. ते सुतकाचे कपडे घालून, तोंड झाकणारी मोठी टोपी डोक्यावर घेऊन फिरत आणि तरीही दूरच्या डोंगराळ भागात त्यांना नेणे सर्वांच्याच जिवावर बेतणारे होते. फादर चोए चारचौघांसारखे दिसत व बोलत. म्हणून जी वस्ती सर्वांत दूर, जी खिंड सर्वांत अवघड, ती आपोआप त्यांच्याकडे येई.

वस्तीची भेट कशी होत असे? श्रद्धावंतांची एखादी गवताने शाकारलेली झोपडी, हेच मंदिर. तिला कोंगसो म्हणत. अंधार पडल्यावर धर्मगुरू पोहोचत. लहानथोरांची धर्मशिक्षणाची परीक्षा होई, मग प्रायश्चित्त संस्कार सुरू होई तो रात्रभर चाले. पहाटेपूर्वी पवित्र मिस्सा, स्नानसंस्कार, एखादे लग्न. आणि उजाडण्याआधी धर्मगुरू पुढच्या वाटेला लागत. पुन्हा भेट कधी, तर वर्षाने. तीही छळ झाला नाही तर. दिवसाला ऐंशी ते शंभर ली चालणे, रात्री पापनिवेदन ऐकणे. महिन्यात चार रात्रींपेक्षा अधिक झोप त्यांच्या वाट्याला येत नसे, असे त्यांचे सहकारी फादर पुर्तिए यांनी नमूद केले आहे. आपल्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्साची वेळ अर्ध्या तासाने बदलली तर आपण किती बोलतो, हे येथे आठवले तर वाचकांनी क्षमा करावी.

फादर चोए यांनी मकावमधील आपले गुरू फादर लग्रेज्वा आणि फादर लिब्वा यांना लॅटिनमधून लिहिलेली सुमारे वीस पत्रे आज उपलब्ध आहेत. एका मेंढपाळाने आपल्या कळपाविषयी केलेले चिंतन म्हणून ही पत्रे अनमोल आहेत. त्यांत स्वतःच्या पायांचे दुखणे फारसे येत नाही. येतात ती माणसे. बिगरख्रिस्ती सासरी अडकलेल्या आणि संस्कारांसाठी वर्षानुवर्षे तळमळणाऱ्या स्त्रिया येतात. निरोपाच्या पहाटे धर्मगुरूंचा पायघोळ धरून रडणारी वस्ती येते. कधी गुरूंकडे मागणी येते : क्रूस, पदके, पवित्र चित्रे पाठवा, लोक त्यांची वाट पाहत आहेत. १८५१ च्या पत्रात त्यांनी आपल्या मातापित्यांच्या अंताची हकिगत लिहिली. आईचा धीर सुटला होता ही गोष्ट त्यांनी झाकली नाही. आम्हाला वाटते, पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला हे सांगता येणे फार महत्त्वाचे होते. छळाला भिऊन श्रद्धा नाकारलेले आणि पश्चात्तापाने परतलेले कितीतरी जण त्यांच्यापुढे गुडघे टेकत होते. स्वतःच्या आईच्या मार्गाने आलेल्या त्या लोकांना ते कोणत्या नजरेने पाहत असतील!

पत्रांतील दोन विषय आपल्या मातीतल्या वाचकाला विशेष जवळचे वाटतील. पहिला उच्चनीचतेचा. कोरियात यांगबान नावाचा उच्चकुलीन वर्ग होता आणि त्याचा कुलाभिमान ख्रिस्ती वस्त्यांतही शिरला होता. एकाच मिस्साला येणारे एकमेकांना हलके लेखत, त्यातून तट पडत. छळ करणारे शिपाई बाहेरचे होते. हे दुखणे मात्र घरातले होते. फादर चोए यांनी ते गुरूंपुढे स्पष्ट शब्दांत मांडले आणि प्रभू येशूच्या एका शरीरात अशी फूट चालणार नाही अशी भूमिका घेतली. दुसरा विषय भाषेचा. विद्वान मंडळी चिनी लिपीतच लिहीत. सामान्यांची हंगुल लिपी सोपी, म्हणून ती हलकी मानली जाई. फादर चोए यांना त्या सोपेपणातच देवाची कृपा दिसली, कारण डोंगरातील बायका-मुले थोड्या दिवसांत ती शिकून धर्मशिक्षण स्वतः वाचू शकत होती. उन्हाळ्यात, शेतीच्या आणि पावसाच्या दिवसांत दौरे थांबत, तेव्हा ते बेती वगैरे वस्त्यांत राहून भाषांतर करीत. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे आणि श्रद्धावंतांचे प्रार्थनापुस्तक कोरियन भाषेत सिद्ध करण्याच्या कामात त्यांचा मोठा हात होता. गाऊन पाठ करता येतील अशी काही धर्मपर पद्येही त्यांच्या नावावर सांगितली जातात. ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स यांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला या धडपडीचे मोल वेगळे सांगायला नको.

आपल्यामागे कोण, ही चिंता त्यांना होतीच. १८५४ साली त्यांच्या पुढाकाराने तीन कोरियन विद्यार्थी पिनांगच्या सेमिनरीत रवाना झाले. त्याच्या आदल्या वर्षी बिशप फेरेओल निवर्तले होते. १८५६ मध्ये नवे बिशप बेर्नो आले आणि काही फ्रेंच धर्मगुरूही आले. तरी दूरच्या वस्त्या फादर चोए यांच्याकडेच राहिल्या.

१८६० मध्ये पुन्हा छळ उसळला. फादर चोए त्या वेळी आग्नेयेकडील डोंगरांत होते. सर्व वाटा बंद झाल्या आणि कित्येक महिने त्यांचा बिशपांशी संपर्क तुटला. उल्सानजवळच्या उंच डोंगरात बांबूच्या बनाने झाकलेल्या एका गुहेत ते श्रद्धावंतांसह लपून राहिले. धूर दिसला तर पकडले जाण्याची भीती. ३ सप्टेंबर १८६० रोजी त्यांनी तेथूनच दोघा गुरूंना पत्र लिहिले. हे बहुधा आपले शेवटचे पत्र ठरेल असे त्यांना वाटत होते. त्यांनी गुरूंचा निरोप घेतला आणि आपला संकटग्रस्त कळप त्यांच्या प्रार्थनांवर सोपवला. ते शेवटचेच ठरले.

परंतु ते पकडले गेले नाहीत. छळ ओसरला आणि त्यांनी राहिलेल्या वस्त्यांचा दौरा पुरा केला. १८६१ च्या जूनमध्ये ते बिशपांना अहवाल देण्यासाठी सेऊलकडे निघाले. वाटेत विषमज्वराने त्यांना गाठले. अकरा वर्षे चाललेल्या शरीरात झुंज देण्याची ताकद उरली नव्हती. निरोप मिळताच फादर पुर्तिए धावत आले आणि त्यांनी अखेरचे संस्कार दिले. रुग्णाला बोलता येत नव्हते. ओठ केवळ येशू आणि मारिया ही दोन नावे घेत होते. १५ जून १८६१ रोजी फादर चोए प्रभूच्या घरी गेले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बिशप बेर्नो यांनी बेरॉन येथील दरीत, तेथील संत जोसेफ सेमिनरीजवळच्या टेकडीवर त्यांचे दफन केले. पाच वर्षांनी, १८६६ च्या महाछळात बिशप बेर्नो, फादर दावलुई (जे तोवर बिशप झाले होते) आणि फादर पुर्तिए या तिघांनीही रक्त सांडले.

या कुटुंबाला वेदीवरचा मान मिळण्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. ६ मे १८८४ नव्हे, तर त्यानंतर तब्बल शंभर वर्षांनी, ६ मे १९८४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेऊल येथे १०३ रक्तसाक्षींना संत घोषित केले. त्यांत आंद्रे किम आणि वडील फ्रान्सिस चोए होते. एकदा डगमगलेली आई त्या यादीत नव्हती. तिला आणखी तीस वर्षे थांबावे लागले. १६ ऑगस्ट २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सेऊलमध्येच १२४ जणांना धन्यवादित घोषित केले, तेव्हा मारिया यी सुंग-र्ये हे नाव उच्चारले गेले. मुलाची पाळी शेवटी आली. रक्त सांडलेल्यांच्या बाबतीत मृत्यूच साक्ष देतो. घाम गाळलेल्याचे मात्र एकेक वर्ष, एकेक पत्र तपासावे लागते. २६ एप्रिल २०१६ रोजी त्यांचे वीरोचित सद्‌गुण मान्य झाले आणि ते पूजनीय ठरले.

फादर चोए गेल्यानंतर कोरियात पस्तीस वर्षे एकही कोरियन धर्मगुरू नव्हता. छळ संपल्यावर पिनांगला शिकून आलेल्या तीन तरुणांना सेऊलच्या याकह्यॉन चर्चमध्ये गुरुदीक्षा मिळाली. तो दिवसही २६ एप्रिलचाच होता, साल १८९६.